उदरशूल : कारणमीमांसा आणि निदानातील दक्षता

प्रस्तावना

‘पोटात दुखते’ एवढेच सांगून रुग्ण आपणासमोर बसतो. ज्वर आणि कास यांच्या खालोखाल ही तक्रार आपल्या दवाखान्यात नित्य येते, आणि औषधाच्या दुकानात तर वैद्याचे तोंड न पाहताच तिच्यावर गोळी मागितली जाते. दहापैकी आठ-नऊ वेळा कारण साधे असते. अजीर्ण, मलावष्टंभ, कृमी किंवा अम्लपित्त. चार मात्रा औषध आणि एक वेळचे लंघन यांनी रुग्ण बरा होतो व वैद्याचे नाव घेतो. उरलेल्या एक-दोन रुग्णांत मात्र हीच तक्रार प्राणघातक व्याधीचे पहिले लक्षण असते. हे रुग्ण वेगळे ओळखता यावेत, एवढ्याच हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आमचा व्यवसाय वाणगाव येथे गेली वीस वर्षे सुरू आहे. पश्चिम रेल्वेवर बोईसर आणि डहाणू रोड यांच्या मधले हे गाव. सभोवती मिरचीच्या वाड्या व चिकूच्या बागा, पूर्वेकडे आदिवासी पाडे, पश्चिमेकडे मच्छीमार आणि डायमेकर यांची किनाऱ्यावरील गावे, दक्षिणेस बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत. या चारही ठिकाणचा रुग्ण ‘पोटात दुखते’ हेच शब्द वापरतो. कारणे मात्र निरनिराळी असतात. म्हणून ग्रंथोक्त निदानास देश, काल व व्यवसाय यांच्या विचाराची जोड देणे आवश्यक ठरते.

शूलाचा शास्त्रीय विचार

अंगात शंकू ठोकावा तशी तीव्र वेदना म्हणून त्यास शूल ही संज्ञा. सुश्रुताचार्यांनी उत्तरतंत्रात गुल्माच्या अनुषंगाने शूलाचे वर्णन करताना पार्श्वशूल, कुक्षिशूल, हृच्छूल, बस्तिशूल, मूत्रशूल, विट्शूल असे भेद सांगितले आहेत. माधवनिदानात वातज, पित्तज, कफज, तीन द्वंद्वज, सान्निपातिक आणि आमज असे आठ प्रकार असून सर्वांत वायूचे प्राधान्य मानले आहे. म्हणजे एका परंपरेने स्थान व कारण यांवर, तर दुसरीने दोषांवर भर दिला. व्यवहारात दोन्ही दृष्टी एकत्र वापराव्या लागतात.

दोषभेद ओळखण्यास पुढील खुणा उपयोगी पडतात.

१. वातज : अन्न पचून गेल्यावर, सायंकाळी, थंड व ढगाळ हवेत वेदना वाढते, वारंवार येते व जाते, शेक, अभ्यंग आणि स्निग्धोष्ण अन्नाने शमते.

२. पित्तज : नाभीप्रदेशी दाहयुक्त वेदना, तृष्णा, स्वेद, मध्यान्ही, मध्यरात्री आणि शरदऋतूत अधिक, शीत व मधुर द्रव्यांनी उपशय.

३. कफज : आमाशयस्थानी जडपणा, हृल्लास, अरुची, जेवताच वाढते, सकाळी तसेच शिशिर व वसंत ऋतूंत अधिक.

४. आमज : पोटात गुडगुड, फुगारा, मळमळ, तोंडास पाणी सुटणे, अंग जड होणे; लक्षणे बव्हंशी कफज शूलासारखी.

याखेरीज परिणामशूल व अन्नद्रवशूल यांचे स्वतंत्र वर्णन आहे. अन्नाच्या पचनकाली उद्भवणारा तो परिणामशूल. अन्न पचलेले असो वा नसो, केव्हाही होणारा, पथ्य पाळूनही न शमणारा आणि वमनानंतरच हलका होणारा तो अन्नद्रवशूल. ग्रहणी व आमाशय येथील व्रणाशी यांचे साम्य आपण सर्वजण जाणतो. या व्रणांच्या मुळाशी अनेकदा एक जिवाणू असतो, हे मार्शल व वॉरन या ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी १९८२ पासूनच्या अभ्यासाने दाखविले. २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्यांचे नित्य सेवन. तेव्हा परिणामशूलाच्या रुग्णास वर्षानुवर्षे केवळ क्षार व भस्मे देत राहणे योग्य नव्हे. कंबरेसाठी वा सांध्यांसाठी तो कोणती गोळी घेतो, हे विचारावे. मल डांबरासारखा काळा होतो का, वजन घटले आहे का, हेही विचारावे. लोहाच्या औषधानेही मल काळा होतो, म्हणून तोही प्रश्न सोबत असावा. चाळिशीनंतर प्रथमच असा शूल सुरू झाला असल्यास दुर्बिणीने तपासणी करून घ्यावी.

स्थानानुसार कारणे

रुग्णास ‘एका बोटाने जागा दाखवा’ असे सांगावे. संपूर्ण पोटावरून तळहात फिरवणारा रुग्ण आणि एका बिंदूवर बोट ठेवणारा रुग्ण यांत महत्त्वाचा भेद आहे. दुसऱ्याकडे अधिक लक्ष द्यावे.

पोटाचा वरचा मध्यभाग : अजीर्ण, अम्लपित्त, व्रण. मद्यपी रुग्णात वेदना पाठीकडे आरपार जात असेल आणि पुढे वाकून बसल्याने थोडी कमी होत असेल, तर स्वादुपिंडाचा शोथ समजावा.

उजव्या बरगडीखाली : पित्ताशयातील खडे, वेदना स्निग्ध जेवणानंतर येते व उजव्या खांद्याच्या फऱ्याकडे जाते. ज्वर, बरगडीवर ठोकताच कळ आणि मद्य वा ताडीचे नित्य सेवन असा इतिहास असल्यास यकृत-विद्रधीचा संशय घ्यावा.

नाभीभोवती : कृमी, आमातिसार, प्रवाहिका, तसेच आंत्रपुच्छ म्हणजे अपेंडिक्सच्या शोथाची सुरुवात.

उजव्या बाजूस खाली : अपेंडिक्सचा शोथ. नाभीभोवती सुरू झालेली वेदना काही तासांनी येथे येऊन स्थिरावते. नाभी आणि उजव्या कमरेच्या हाडाचे पुढचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेवर, हाडाकडून एक-तृतीयांश अंतरावर दाबल्यास कळ येते. हे स्थान मॅकबर्नी यांनी १८८९ मध्ये सांगितले.

कमरेपासून जांघेकडे : मूत्राश्मरी. रुग्ण स्वस्थ पडू शकत नाही, तळमळतो. याउलट उदरावरणाचा शोथ झालेला रुग्ण हालचाल टाळून निश्चल पडतो. हा एकच भेद ध्यानात ठेवला तरी अनेक चुका टळतील.

नाभीखाली मध्यभागी : मूत्रमार्गाचा संसर्ग, मूत्रावरोध, मलावष्टंभ, स्त्रियांत कष्टार्तव व गर्भाशयाचे विकार. प्रजननवयातील प्रत्येक स्त्रीस मासिक पाळीची तारीख विचारलीच पाहिजे. पाळी चुकलेली, अधोदरात एका बाजूस तीव्र शूल, थोडा रक्तस्राव आणि चक्कर ही लक्षणे गर्भाशयाबाहेरील गर्भाची असू शकतात. अशा वेळी एक तासही दवडू नये.

ज्यांचे मूळ उदरात नाही असे शूल

हा भाग आपल्या अभ्यासक्रमात विखुरलेला आढळतो, म्हणून येथे एकत्र देत आहोत.

१. हृद्रोग : चाळिशीपुढील, विशेषतः मधुमेही रुग्ण ‘ॲसिडिटी वाढली’ म्हणून येतो. वरच्या पोटात जळजळ, सोबत घाम, दम वा अस्वस्थता. हृदयाच्या खालच्या भित्तीचा झटका असाच येतो. अशा रुग्णास शंखभस्म देण्याआधी ईसीजी काढावा.

२. मण्यारीचा दंश : मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसास तिचा दंश झाला तर अनेकदा कळतही नाही. सूज नसते, दातांची खूण दिसत नाही. पहाटे पोटात तीव्र दुखू लागते, वांत्या होतात. त्यानंतर पापण्या जड होणे, गिळण्यास त्रास, बोलणे अस्पष्ट होणे आणि शेवटी श्वास थांबणे. डहाणू येथील आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्राच्या माध्यमातून या तालुक्यात सर्पदंशावर अभ्यास झाला आहे. यावरून या प्रश्नाचे स्थानिक महत्त्व ध्यानी यावे.

३. सिकलसेल : आदिवासी समाजात आढळणारा हा आनुवंशिक रक्तविकार. त्याच्या वेदनावेगात उदरशूल होतो. मुलास पांडुता, डोळे पिवळे, पूर्वी हातपाय सुजून दुखण्याचा इतिहास असल्यास विचारणा करावी. या रुग्णास लंघन व विरेचन अपायकारक ठरते. शरीरातील जलांश घटला की वेदनावेग वाढतो. १ जुलै २०२३ पासून केंद्र शासनाची सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू असून २०४७ पर्यंतचे लक्ष्य ठेवले आहे. तपासणीची सोय शासकीय आरोग्ययंत्रणेत आहे, तिचा उपयोग करावा.

४. शिसे : बॅटरी, जुने रंग, धातू वितळविणे अशा कामांत शिशाचा संपर्क घडतो. मुरडून येणारा शूल, हट्टी मलावष्टंभ, पांडुता आणि हिरड्यांच्या कडेस निळसर रेघ ही लक्षणे. कारखान्यातील कामगारास ‘कंपनीत काय काम करता’ एवढे विचारणे पुरेसे नाही, तर ‘हाताने कशाला स्पर्श होतो’ हे विचारावे. येथे आत्मपरीक्षणही आवश्यक आहे. ज्याच्या शोधन-मारणाची खात्री नाही असे नागयुक्त औषध दीर्घकाळ दिल्यास हाच विकार आपण स्वतः निर्माण करू.

५. कीटकनाशके : मिरचीवर फवारणी करून आलेल्या मजुरास पोटात मुरडा, लाळ, घाम, अतिसार आणि बारीक झालेल्या बाहुल्या आढळल्यास तो अजीर्णाचा रुग्ण नव्हे.

६. इतर : लहान मुलांतील फुफ्फुसाचा दाह, मधुमेहातील अम्लसंचय, आणि किशोरवयीन मुलांत वृषणास पडलेला पीळ. हा मुलगा लाजेने केवळ ‘पोट दुखते’ म्हणतो. सुमारे सहा तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास वृषण गमवावे लागण्याची भीती असते. म्हणून मुलांची व पुरुषांची जांघ व वृषण तपासणे टाळू नये. अडकलेला अंतर्गळही तेथेच सापडतो.

दोन रुग्णवृत्ते

रुग्णवृत्त पहिले : व्यवसायाच्या आरंभीच्या काळातील हे आमच्या चुकीचे वृत्त आहे. सोळा वर्षांचा मुलगा. आदल्या संध्याकाळपासून नाभीभोवती वेदना, एक वांती, अन्नावर वासना नाही. रात्री एका दुकानातून वेदनाशामक गोळी आणून घेतली. सकाळी आमच्याकडे आला तेव्हा वेदना पुष्कळ कमी होती. आदल्या दिवशी लग्नाचे जेवण झालेले. आम्ही आमज शूल ठरविला, शंखवटी दिली आणि कोष्ठशुद्धीसाठी रात्री एरंडस्नेह घेण्यास सांगितले. गोळी घेतली आहे का, हे विचारले नाही. झोपवून उजव्या अधोदरावर हात ठेवला नाही. पहाटे वेदना असह्य झाली, मग अचानक कमी झाली. घरच्यांना वाटले, औषध लागू पडले. दुपारी ज्वर चढला व पोट लाकडासारखे कठीण झाले. रुग्णालयात शस्त्रक्रिया झाली तेव्हा अपेंडिक्स फुटून पू उदरात पसरला होता. मुलगा वाचला, पण अनेक दिवस रुग्णालयात राहिला आणि त्याच्या वडिलांना कर्ज काढावे लागले. त्यांनी आम्हांस कधी दोष दिला नाही. दोष आमचा होता, हे आम्ही जाणतो.

या वृत्तातून तीन गोष्टी शिकलो. वेदनेची जागा बदलली का, हे विचारावे. आधी घेतलेले औषध विचारावे. आणि तीव्र वेदनेचे अचानक कमी होणे हे शुभलक्षण मानू नये; फुटलेला अवयव काही काळ दुखत नाही.

रुग्णवृत्त दुसरे : पावसाळ्यातील पहाट. जवळच्या पाड्यावरील तिशीतील स्त्री, पोटात तीव्र दुखते व दोन वांत्या झाल्या म्हणून घरच्यांनी आणली. उदर मृदू, दाबल्यास विशेष कळ नाही, ज्वर नाही, अतिसार नाही. वेदना एवढी आणि उदरपरीक्षेत काहीच नाही, हा विसंवाद खटकला. ‘ताई, रात्री कुठे झोपला होता?’ असे विचारता ‘खालीच, ओटीवर’ असे उत्तर आले. वर पाहण्यास सांगितले तेव्हा पापण्या पूर्ण उघडेनात. अंगावर दंशाची खूण सापडली नाही. कोणतेही औषध न देता तत्काळ वाहन करून रुग्णालयात पाठविले व सोबत ‘मण्यारीच्या दंशाचा संशय’ अशी चिठ्ठी दिली. तेथे सर्पविषप्रतिबंधक लस आणि कृत्रिम श्वसन यांची गरज पडली. काही दिवसांनी ती चालत दवाखान्यात आली. येथे आम्ही उपचार असा काहीच केला नाही. केवळ एक प्रश्न विचारला.

परीक्षण आणि धोक्याची लक्षणे

रुग्णाकडून पुढील प्रश्नांची उत्तरे घ्यावीत व नोंदवहीत लिहावीत : केव्हा सुरू झाले, कोठे सुरू झाले व आता कोठे आहे, वेदना सतत की थांबून थांबून, जेवणाशी संबंध, शेवटचा मल व अधोवायू केव्हा, मूत्रप्रवृत्ती, पाळी, आधी घेतलेली औषधे, व्यसन, काम, रात्री झोपण्याची जागा. त्यानंतर नाडी, ताप, रक्तदाब पाहून रुग्णास झोपवून उदर उघडे करून तपासावे. न दुखणाऱ्या भागापासून आरंभ करून दुखऱ्या भागाकडे यावे आणि हात लावताना रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहावे.

पुढीलपैकी एकही लक्षण असल्यास रुग्ण दवाखान्यात ठेवू नये :

१. पोट कठीण होणे, दाबून सोडताना अधिक कळ येणे.
२. सहा तासांहून अधिक टिकलेली व वाढणारी वेदना.
३. मल व वायू यांचा पूर्ण अवरोध, पोट फुगणे, हिरवी वांती.
४. रक्ताची वांती, काळा वा रक्तमिश्रित मल.
५. घाम, थंड हातपाय, क्षीण व जलद नाडी, मूर्च्छा.
६. गर्भिणी, अथवा पाळी चुकलेली स्त्री.
७. ज्वरासह तीव्र शूल, किंवा डोळे पिवळे होणे.
८. पापण्या जड होणे, गिळताना त्रास.

शूलाच्या उपद्रवांत तृष्णा, मूर्च्छा, आनाह, श्वास, हिक्का यांची गणना प्राचीनांनी केली आहेच. वरील यादी त्याच परंपरेतील होय. अशा रुग्णास तोंडाने काही देऊ नये, शेक करू नये, विरेचन व बस्ती देऊ नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी आणि चिठ्ठीत दिलेले औषध व वेळ लिहावी.

चिकित्सासूत्र

धोक्याची लक्षणे नाहीत अशी खात्री झाल्यावरच आपली चिकित्सा सुरू होते, आणि येथे आयुर्वेदाचे सामर्थ्य निर्विवाद आहे.

आमज व कफज शूलात प्रथम लंघन व उष्णोदक, नंतर पाचन. शंखवटी वा हिंग्वाष्टक चूर्ण उपयोगी पडते. हिंग्वाष्टक पहिल्या घासाबरोबर तुपातून द्यावे; त्यात सैंधव असल्याने रक्तदाबाच्या रुग्णात मात्रा सांभाळावी. वातज शूलात स्वेदन व स्निग्ध अनुलोमन. मलावष्टंभ असल्यास गंधर्वहरीतकी. पित्तज शूलात सूतशेखर, शतावरी, आवळा. तीक्ष्ण क्षार व हिंग टाळावेत. परिणामशूलात नारिकेल लवण व धात्री लोह यांचा अनुभव चांगला आहे. प्रवाहिकेत कुटज, कृमींमध्ये विडंग, अश्मरीत गोक्षुर व वरुण यांचे योग सुपरिचित आहेत. मात्र पोट फुगले असेल, वांतीतून जंत पडत असतील आणि मल थांबला असेल तर आंत्रावरोधाची भीती असते. तेथे कृमिघ्न व रेचक देऊ नये. १ ते १९ वर्षे वयाच्या मुलांना २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी गोळी दिली जाते; ती घेतली का, हेही विचारावे.

कारखान्यात रात्रपाळी करणारे आणि बैठे काम करणारे डायमेकर यांच्या शूलाचे मूळ पुष्कळदा अवेळी भोजन, वारंवार चहा आणि वेगधारण यांत असते. निदानपरिवर्जन न करता दिलेले औषध तात्पुरतेच ठरते.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

आपणाकडे रुग्ण वैद्याआधी येतो, म्हणून आपली जबाबदारी लहान नाही. डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके चिठ्ठीशिवाय देण्यास कायद्याने मनाई आहेच. शिवाय व्रणाच्या रुग्णात ती रक्तस्राव घडवू शकतात. रुग्णालयात तपासणीनंतर वेदनाशामक देण्यास आज शल्यचिकित्सकांचा विरोध नसतो. आक्षेप आहे तो तपासणीविना वेदना दडपून रुग्णास घरी पाठविण्यास. ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ या समजुतीने दिलेले रेचक चूर्णही तितकेच घातक होऊ शकते.

गिऱ्हाइकास चार प्रश्न विचारावेत : किती तासांपासून दुखते? ताप वा वांती आहे का? मल व वायू सुटतो का? स्त्री असल्यास, पाळी चुकली आहे का? उत्तर शंकास्पद वाटल्यास गोळी न देता रुग्णास वैद्याकडे धाडावे. चार रुपयांची विक्री बुडेल, पण ते घर आपले कायमचे होईल.

समारोप

उदरशूल हे लक्षण आहे, रोगाचे नाव नव्हे. वेदना शमली म्हणजे रोग गेला असे मानणे ही आपल्या व्यवसायातील सर्वांत सामान्य चूक असून ती आम्ही स्वतः केली आहे. रुग्णास झोपवून तपासण्यास पाच मिनिटे लागतात. गर्दीच्या वेळी ती पाच मिनिटे जड वाटतात हे खरे. तरीही ती द्यावीतच. आमच्या दवाखान्यात धोक्याच्या लक्षणांची वरील यादी तपासणीच्या टेबलासमोर भिंतीवर लावली आहे. वाचकांनीही ती उतरून आपल्या दवाखान्यात व दुकानात लावावी आणि आपल्या भागातील विशेष कारणे तिच्यात भरावीत, अशी विनंती आहे.